भिंगार : राजधानीच्या वेशीवरील गाव
(व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या जिल्ह्याचा इतिहास सांगावयाचा झाला, तर वक्ते सहसा राजधानीपासून आरंभ करतात. राजे, किल्ले, तह आणि लढाया यांची मालिका उलगडली, की जिल्ह्याची ओळख पुरी झाली असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु नगर जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर राजधानीच्याही आधी तेथे एक गाव होते. त्या गावाचे नाव भिंगार. शहर त्याच्या शेजारी नंतर वसले आणि किल्लाही त्याच्या शिवारालगत नंतर उभा राहिला. पुढे छावणी आली, तिने तर गावालाच आपल्या कवेत घेतले. पाचशेहून अधिक वर्षे सत्ता या गावाच्या अंगणात नांदली. मात्र गावाचा कारभार गावाच्या हाती किती राहिला, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. जिल्ह्याचा इतिहास, येथील सार्वजनिक वास्तू आणि येथील लोकसत्ता या तिन्हींचा विचार भिंगारच्या वेशीवर उभे राहून केला, तर तो अधिक अर्थपूर्ण ठरतो.

राजधानीपूर्वीचे गाव

पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्याला उतरती कळा लागली होती. जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद याने स्वतंत्र होण्याचा पवित्रा घेताच त्याचा बीमोड करण्यासाठी बहमनी दरबाराने जहांगीरखान या सरदारास मोठ्या सैन्यानिशी धाडले. दोन्ही फौजांची गाठ भिंगारच्या परिसरात पडली. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदाने बेसावध शत्रूवर अकस्मात छापा घातला आणि निर्णायक विजय मिळविला. ज्या जागी हा विजय लाभला तेथे त्याने बाग लावली. त्यामुळे ही लढाई इतिहासात ‘बागेची लढाई’ म्हणून ओळखली जाते. याच बागेच्या निकट, सीना नदीच्या डाव्या तीरावर, १४९४ मध्ये त्याने नव्या नगराचा पाया घातला आणि त्यास आपले नाव दिले. शहराची वाढ इतक्या झपाट्याने झाली, की फरिश्त्यासारख्या इतिहासकाराने त्याची तुलना बगदाद व कैरो या नगरांशी केली.

निझामशाहीचे राज्य सुमारे दीडशे वर्षे टिकले. या दरबाराच्या आश्रयाने अनेक मराठा घराणी पुढे आली. मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले यांच्या कर्तृत्वाचा आरंभ याच दरबारात झाला. मोगलांशी झुंजताना चांदबिबीने १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादच्या वेढ्याला दिलेले तोंड हे या शहराच्या स्मृतीतील सर्वांत तेजस्वी पान होय. १६०० मध्ये स्वकीयांच्याच हातून तिचा अंत झाला आणि किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला. त्यानंतरही मलिक अंबरने राज्याची धुरा सावरून धरली. अखेरीस १६३६ मध्ये निझामशाही संपुष्टात आली.

ज्या गावाजवळ एका राजवटीचा उदय झाला, त्याच गावाजवळ दुसऱ्या सत्तेच्या उताराचा आरंभ व्हावा, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे. मराठ्यांना नमविण्यासाठी दक्षिणेत उतरलेला औरंगजेब पाव शतकाच्या अपयशी धडपडीनंतर थकून नगरास परतला. ३ मार्च १७०७ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या वयात, भिंगारनजीकच्या त्याच्या छावणीत त्याचे निधन झाले. ते स्थळ ‘आलमगीर’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचा देह दफनासाठी खुलताबादला नेण्यात आला.

पुढे १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला. किल्लेदार कवीजंग याला वश करून घेऊन तो मिळविण्यात आला, त्यासाठी तोफ डागावी लागली नाही. १७९७ मध्ये तो शिंद्यांकडे गेला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये जनरल वेलस्लीने प्रथम ८ तारखेस शहराची पेठ आणि नंतर १२ तारखेस किल्ला घेतला. १८१७ च्या पुणे तहान्वये किल्ला कायमचा इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये येथे कलेक्टरी सुरू झाली. आरंभीचा हा जिल्हा आजच्याहून किती तरी विस्तृत होता. कालांतराने सोलापूरचा आणि १८६९ मध्ये नाशिकचा प्रदेश स्वतंत्र जिल्हे म्हणून वेगळे झाले. तरीही १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा राहिला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहर व जिल्हा यांचे ‘अहिल्यानगर’ असे नामांतर झाले. याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, चौंडी येथे, ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला होता.

वास्तू आणि त्यांचे उपयोग

सार्वजनिक वास्तू म्हणजे दगड-चुन्याने लिहिलेला इतिहास. मात्र तो इतिहास राजांच्या वैभवापुरता मर्यादित नसतो. त्या वास्तूंचा पुढच्या पिढ्यांनी काय उपयोग केला, यावरूनही समाजाची पारख होते.

भिंगार आणि शहर यांच्यामध्ये असलेला भुईकोट किल्ला हे याचे उत्तम उदाहरण आहे. हुसेन निझामशहाच्या कारकिर्दीत, १५६० च्या आसपास, त्याला दगडी तटबंदी लाभली. जवळजवळ वर्तुळाकार तट, त्यातील बुरूज आणि सभोवार रुंद व खोल खंदक अशी त्याची रचना आहे. राजवाडा म्हणून ज्याची कीर्ती होती, तोच किल्ला इंग्रजी अमदानीत तुरुंग झाला. बोअर युद्धातील कैदी नगरास आणले गेले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन नागरिकांसाठी नगर येथे मोठी स्थानबद्धता छावणी होती. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ ठराव झाल्यावर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य याच किल्ल्यात बंदिस्त करण्यात आले. पंडित जवाहरलाल नेहरू, मौलाना अबुल कलाम आझाद, सरदार वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव अशी ती मांदियाळी होती. १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत पंडितजींनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथेच लिहिला. मौलाना आझादांच्या ‘गुबारे खातिर’मधील पत्रेही येथलीच. ज्या भिंतींनी राज्यकर्त्यांचे रक्षण करावयाचे, त्यांनी स्वातंत्र्याचे चिंतन घडविले! स्वातंत्र्यानंतर किल्ला लष्कराच्या ताब्यात राहिला.

भिंगारच्या आसमंतातील फराहबाग हा अष्टकोनी महाल १५८३ च्या सुमारास, मुर्तझा निझामशहाच्या कारकिर्दीत, पूर्ण झाला. विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी तो बांधला गेला होता. आज तलाव कोरडा आहे, महालाची पडझड झाली आहे. तरी उन्हाळ्यात आत शिरणाऱ्यास जाणवणारा गारवा त्या काळच्या स्थपतींच्या बुद्धीची साक्ष देतो. भिंगारहून पाथर्डीच्या रस्त्याने पुढे गेले, की शाह डोंगरावरील तीन मजली अष्टकोनी वास्तू दृष्टीस पडते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निझामशाहीचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. लोकांनी मंत्र्याच्या कबरीला राणीचे नाव द्यावे, यात इतिहासाची चूक असेल, पण लोकांच्या कृतज्ञतेची चूक नाही. शहरातील कोटला ही वास्तू बुऱ्हाण निझामशहाने विद्यापीठासाठी उभारली. नाजूक कोरीवकामासाठी दमडी मशीद प्रसिद्ध आहे. बाग रौजा येथे शहराच्या संस्थापकाची कबर आहे. इंग्रजी अमदानीत निझामशाहीतील वाड्यांत कचेऱ्या थाटल्या गेल्या. चंगीझखानाच्या महालात तर जिल्हा न्यायाधीशाचे न्यायालय भरू लागले.

परंतु या सर्व वास्तूंपेक्षा सामान्य माणसाच्या जिव्हाळ्याची वास्तू जमिनीच्या खाली होती. निझामशाहीच्या काळात डोंगरपायथ्याच्या विहिरींतून आणि झऱ्यांतून शहरास पाणी आणण्यासाठी खापरी नळांची योजना करण्यात आली होती. कापूरवाडी आणि इतर गावांकडून आलेल्या या नळांनी महाल, हौद आणि पेठा यांना पाणी पुरविले. भिंगार-कापूरवाडीच्या बाजूची उंच जमीन आणि शहराचा उतार यांचा नेमका उपयोग करून, कोणत्याही यंत्राविना, केवळ पाण्याच्या ओघावर ही योजना शतकानुशतके चालली. राजधानी उभी राहते ती तटबुरुजांवर, पण ती जगते ती पाण्यावर. आज शहराची तहान मुळा धरणाच्या पाण्याने भागते. योजना बदलली, तरी पाणी कोठून येते आणि ते कोणाच्या वाट्याला किती येते, हा प्रश्न तोच आहे.

एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक वास्तूंची एक नवी परंपरा सुरू झाली, ती शाळांची. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरास कार्य आरंभिले. मिस सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शिक्षणाचा येथे पाया घातला आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. १८५४ मध्ये शहरास नगरपालिका मिळाली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वेमार्ग खुला झाला. त्याआधीच्या भीषण दुष्काळात अनेक भुकेल्या हातांनी त्या मार्गाची माती वाहिली होती. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली. स्वातंत्र्याच्या वर्षी जिल्ह्यास लाभलेली ही देणगी असंख्य ग्रामीण विद्यार्थ्यांच्या आयुष्याचे दार ठरली.

जिल्ह्याची लोकसत्ता

नगर जिल्ह्याचे राजकारण समजून घ्यावयाचे, तर प्रथम त्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात उत्तरेस प्रवरा, मुळा व गोदावरी यांची खोरी, तर दक्षिणेस पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण पठार. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस डोलू लागला. पाणी आले, परंतु प्रारंभी त्याचे फळ शेतकऱ्यापेक्षा खाजगी कारखानदारास अधिक मिळाले. या अनुभवातून लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याचा मार्ग काढला. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले आणि ते सबंध महाराष्ट्राच्या सहकारी चळवळीचे उगमस्थान ठरले. कारखान्यापाठोपाठ शाळा, रुग्णालये, पतसंस्था आल्या आणि नवे नेतृत्वही आले. साखर कारखान्याच्या संचालक मंडळातून विधानसभेत जाण्याची वाट येथेच प्रथम रुळली.

या जिल्ह्याने विचारांची विविधताही जोपासली. रावसाहेब व अच्युतराव पटवर्धन हे बंधू नगरचे. काँग्रेस, समाजवादी, साम्यवादी अशा सर्व प्रवाहांना येथे कार्यकर्ते मिळाले. शेवगावचे बाळासाहेब भारदे यांनी १९६२ ते १९७२ या काळात विधानसभेचे अध्यक्षपद भूषविले. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि रस्ता, शाळा, दवाखाना यांचे निर्णय घेण्याचा अधिकार गावच्या प्रतिनिधीपर्यंत पोहोचला. दक्षिणेकडील कोरडवाहू भागाने १९७२ च्या दुष्काळाचा दाह सोसला. त्या अनुभवातून राज्याच्या रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. पुढे पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरेबाजार या गावांनी पाणी अडवून, चराईबंदी व श्रमदान यांच्या बळावर आपले रूप पालटले. ग्रामसभा एकदिलाने निर्णय घेते तेव्हा काय घडू शकते, याचा पाठ या दोन गावांनी देशास दिला.

श्रोतेहो, नेमक्या याच ठिकाणी भिंगारचा प्रश्न उभा राहतो. हिवरेबाजारच्या ग्रामस्थांना जो अधिकार ग्रामसभेने दिला, तो नगरच्या परिसरात सर्वांत जुन्या म्हणविणाऱ्या या गावास कोणत्या संस्थेने दिला?

छावणीतील नागरिक

भिंगारचा नागरी भाग अहमदनगर छावणीत मोडतो. महाराष्ट्रात अशा सात छावण्या होत्या : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, औरंगाबाद आणि अहमदनगर. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार छावणीतील स्थानिक स्वराज्य हा विषय संघसूचीत येतो. त्यामुळे शेजारच्या महापालिकेला लागू असणारे राज्याचे कायदे छावणीस लागू नसतात. प्रथम १९२४ चा आणि नंतर २००६ चा छावणी कायदा येथील कारभाराचा आधार झाला. लष्कराच्या स्थानिक केंद्राचे प्रमुख अधिकारी हे मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि लोकांनी निवडलेले सदस्य आपल्यातून उपाध्यक्ष निवडतात. या श्रेणीच्या मंडळात निर्वाचित सदस्यांची संख्या सात ठेवण्यात आली. त्याच्या जोडीला तितकेच नियुक्त व पदसिद्ध सदस्य असतात.

छावणीमुळे गावाचे अहितच झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वच्छता, वृक्षराजी, रुंद रस्ते ही छावणीची देणगी आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेले चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला, पुढे यांत्रिक पायदळाचे केंद्र, वाहन संशोधन व विकास संस्था यांमुळे नगरचे नाव देशाच्या संरक्षणात मानाने घेतले जाते. १९९४ मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालय दूरदूरच्या प्रवाशांना येथे आणते. गावातील किती तरी कुटुंबांची उपजीविका या संस्थांच्या सान्निध्यावर चालत आली आहे. नगर-भिंगारकडील लुगड्यांच्या विणकामाचा जुना धंदा मागे पडल्यावर हाच मोठा आधार उरला.

परंतु लष्कराची गरज आणि नागरी वस्तीची गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत. छावणीतील जमिनीची मालकी आणि भाडेपट्टे यांचे नियम वेगळे, बांधकामाच्या मर्यादा वेगळ्या. वाढत्या कुटुंबास जुन्या घरावर एक मजला चढवावयाचा असला, तरी परवानगीची वाट लांबची. जकातीसारखे उत्पन्नाचे जुने साधन गेले, की मंडळाच्या तिजोरीचा भार केंद्राच्या अनुदानावर पडतो. केंद्रीय योजना व अनुदाने यांसाठी छावणी मंडळ नगरपालिकेसमान मानावे, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात करण्यात आली खरी. तथापि राज्याच्या योजना आणि छावणीचा नागरिक यांच्यामध्ये एक अदृश्य वेस उभीच राहिली. या वेशीच्या एका अंगास महापालिकेचा मतदार आणि दुसऱ्या अंगास छावणीचा मतदार. दोघांची बाजारपेठ एक, शाळा एक, सणवार एक, पण तक्रार घेऊन जाण्याची कचेरी मात्र वेगळी.

निर्णयाची घडी

गेल्या काही वर्षांत या प्रश्नास नवे वळण लागले. छावणी मंडळांची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली होती. त्या मंडळांची वाढीव मुदतही २०२१ मध्ये संपली आणि निवडून आलेल्या सदस्यांची जागा नियुक्तीच्या कारभाराने घेतली. एप्रिल २०२३ मध्ये देशातील सत्तावन्न छावण्यांच्या निवडणुका घेण्याची अधिसूचना निघाली, परंतु मार्चमध्येच ती मागे घेण्यात आली. कारण केंद्र शासनाने छावण्यांचे नागरी भाग वेगळे काढून ते लगतच्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याचे धोरण स्वीकारले होते. हिमाचल प्रदेशातील खासयोल या छावणीपासून एप्रिल २०२३ मध्ये त्याचा आरंभ झाला. अहमदनगरचाही या विचारात समावेश झाला.

या धोरणाचे स्वागत करताना काही गोष्टींचे भान ठेवणे अगत्याचे आहे. २००३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. नागरी भाग महापालिकेत सामील झाल्यास भिंगारला राज्याच्या कायद्याचे व योजनांचे छत्र लाभेल. मात्र मोठ्या शहरात एक लहान प्रभाग म्हणून त्याचा आवाज क्षीण होण्याचा संभव आहे. स्वतंत्र नगरपालिका झाल्यास गावाचा कारभार गावाच्या हाती येईल. मात्र पाणी, सांडपाणी, कर्मचाऱ्यांचे वेतन व निवृत्तिवेतन यांचा भार लहानशा उत्पन्नातून कसा पेलावयाचा, याचे उत्तर द्यावे लागेल. दोन्ही मार्गांत लाभ आहे, दोन्हींत जोखीम आहे. ज्यांना तो मार्ग चालावयाचा आहे, त्यांना विश्वासात घेऊन निवड व्हावी, हे लोकशाहीचे किमान मागणे होय.

त्याबरोबरच तीन गोष्टी आधीच लिखित स्वरूपात ठरणे इष्ट आहे. पहिली, जमिनींची : कोणती जमीन संरक्षण खात्याकडे राहील, कोणती स्थानिक संस्थेकडे जाईल आणि जुन्या भाडेपट्टेदारांचे हक्क काय, याचा नकाशा प्रत्येकास पाहावयास मिळावा. दुसरी, पाण्याची : हस्तांतराच्या दिवशी एकाही गल्लीचा नळ कोरडा पडू नये. आणि तिसरी, वास्तूंची : फराहबाग, आलमगीर, किल्ला आणि शाह डोंगराची कबर यांची निगा राखण्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट व्हावे. लष्कराच्या शिस्तीमुळे या परिसरातील बरेच काही अतिक्रमणापासून वाचले आहे. शिस्तीचे ते कवच गेले आणि त्याच्या जागी कोणतीच व्यवस्था आली नाही, तर पाचशे वर्षांचा ठेवा पाच वर्षांत नाहीसा होऊ शकतो.

भिंगारने मलिक अहमदाचा विजय पाहिला, औरंगजेबाचा अखेरचा श्वास ऐकला, वेलस्लीच्या तोफा अनुभवल्या आणि स्वातंत्र्यसेनानींना किल्ल्याच्या दरवाजातून आत जाताना पाहिले. या प्रत्येक प्रसंगी गाव हे साक्षीदार होते, कर्ते नव्हते. आता प्रथमच असा प्रसंग येत आहे, की ज्यात गावाच्या भवितव्याचा निर्णय तोफेने वा फर्मानाने व्हावयाचा नसून विचारविनिमयाने आणि मताने व्हावयाचा आहे. साक्षीदाराने आता कर्ता व्हावे. हिवरेबाजारच्या ग्रामसभेने आणि प्रवरानगरच्या सभासदांनी जे करून दाखविले, ते राजधानीच्या वेशीवरील या प्राचीन गावालाही करून दाखविता येईल. त्यासाठी लागणारा शहाणपणा येथील मातीत पूर्वीपासूनच मुरलेला आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!